चवळीला, लसूणघासाला जिवाणू खत लावूनही गाठी येत नाहीत? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

ऑक्टोबर लागला की हा प्रश्न ठरलेला. गोरेगाव, जोगेश्वरीपासून नायगाव-वसईपर्यंत ज्यांच्याकडे चार-सहा म्हशी आणि चाऱ्यापुरते पाच-दहा गुंठे आहेत, त्यांच्यातलं कुणी ना कुणी विचारतंच. रायझोबियमचं (मुळांवर गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं) पाकीट आणलं, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळलं, महिना झाला, रोप उपटून पाहिलं, मुळांवर गाठी नाहीत. पाकीट बोगस निघालं का? दुसऱ्या कंपनीचं आणू का? मग दुसऱ्या कंपनीचं येतं आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच रडगाणं.

पाकीट खराब असू शकतं, त्याबद्दल खाली लिहिलंय. पण मुंबईच्या आसपास पाकिटाच्या आधी दोन गोष्टींवर संशय घ्यावा: तबेल्यातून येणारं पाणी आणि युरियाची गोणी. दोन्हींत नत्र (नायट्रोजन) आहे. जमिनीत आयतं नत्र भरपूर असलं की चवळी-घासासारखं द्विदल पीक जिवाणूंना मुळात शिरूच देत नाही, आणि आधी शिरलेले असतील तर त्यांचं अन्न तोडतं.

हे झाडाच्या बाजूने पाहिलं तर साधं आहे. हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण ते झाडाला जसंच्या तसं घेता येत नाही. गाठीतले जिवाणू ते पकडून देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. हा सौदा झाडाला महागच पडतो. रोज आयता डबा येत असेल तर चूल कोण पेटवणार? मातीत नायट्रेट (आयत्या नत्राचं एक रूप) दिसलं की झाड नव्या गाठी धरायचं कमी करतं, आणि चालू गाठींचं काम थोड्याच दिवसांत मंदावतं. अशा वेळी जगातलं सगळ्यात चांगलं पाकीट आणलं तरी उपयोग शून्य.

आधी गाठी नीट बघा

अर्ध्या तक्रारी इथेच निकालात निघतात. रोप हाताने उपटलं की गाठी मातीतच राहतात, विशेषतः लसूणघासाच्या, कारण त्या बारीक आणि नाजूक असतात. खुरपं किंवा कुदळ घेऊन रोपाच्या चारही बाजूंनी वीतभर खोल माती सोडवा, ढेकळासकट रोप उचला आणि पाण्याच्या बादलीत ठेवून द्या. पंधरा-वीस मिनिटांत माती आपसूक सुटते. नळाखाली धरून घासू नका. एकाच रोपावर निकाल लावू नका. वाफ्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतली पाच-सहा रोपं काढा.

वेळही महत्त्वाची. पेरणीनंतर दोन-तीन आठवड्यांनी गाठी दिसायला लागतात, पण कामाला लागायला आणखी आठवडाभर जातो. म्हणून चौथ्या-पाचव्या आठवड्यात, फुलं येण्याआधी बघा. दहाव्या दिवशी बघून निराश व्हायचं कारण नाही. चवळीच्या गाठी गोल, मोहरी ते वाटाण्याएवढ्या असतात. लसूणघासाच्या लांबट, कधी बोटांसारख्या फुटलेल्या.

गाठ नखाने किंवा ब्लेडने कापा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीच्या एका द्रव्याचा. आत पांढरी असेल तर एक तर ती कोवळी आहे, नाहीतर आत बसलेला जिवाणू कामाचा नाही. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं काम संपलंय किंवा कुणीतरी बंद पाडलंय. जागाही बघा. सोटमुळाच्या वरच्या भागात, देठाजवळ गाठींचा झुपका असेल तर बियाण्याला लावलेले जिवाणू लागले. बाजूच्या बारीक मुळांवर दूरदूर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्याच जिवाणूंच्या.

आणि एक फसवणूक. मूळच जागोजागी सुजल्यासारखं दिसतंय, ती सूज बोटाने ढकलून निघत नाही, तर ती जिवाणूची गाठ नव्हे, सूत्रकृमीची (मुळात शिरणाऱ्या बारीक कृमींची) आहे. जिवाणूची गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते आणि हलक्या हाताने सुटते. सूत्रकृमीच्या गाठी बघून "भरपूर गाठी आल्या" म्हणून खूश झालेले लोकही भेटतात.

तबेल्याचं पाणी

आरे कॉलनी आणि आसपासच्या पट्ट्यात चारा म्हणजे पॅरा गवत, हे समीकरण तबेल्यांइतकंच जुनं. पॅरा गवताला सांडपाणी चालतं, शेण-मूत्राचं पाणी तर आवडतंच. दलदलीत उभं राहतं, मिळेल तितकं नत्र खातं आणि वर्षभर कापायला येतं. त्यामुळे हातालाच सवय झालेली असते: गोठा धुतला की पाण्याचं तोंड वाफ्याकडे वळवायचं. मग कुणीतरी सांगतं की दुधाला प्रथिनं हवीत, चवळी-घास लावा. वाफा तोच राहतो, पाटही तोच राहतो, पीक तेवढं बदलतं. घोटाळा इथे होतो.

जनावराच्या मूत्रातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्याच रूपात असतो, अगदी गोणीतला असतो तोच. सरकी पेंड, गोळी पेंड असा प्रथिनांचा खुराक जितका जास्त, तितकं मूत्रातून बाहेर जाणारं नत्रही जास्त. दुभत्या म्हशींचा खुराक काही कमी नसतो. म्हणजे गोठा धुतलेलं पाणी दर दोन दिवसांनी वाफ्यात सोडणं म्हणजे दर दोन दिवसांनी पातळ युरिया देणं. वर "मी रासायनिक खताचा दाणा टाकला नाही" हे म्हणणं खरंच असतं, म्हणून प्रश्न सुटता सुटत नाही.

गोरेगावच्या एका तबेल्यामागे हे अगदी समोरासमोर बघायला मिळालं. एकाच पाकिटातलं बियाणं, एकाच संध्याकाळी पेरलेली चवळी. वरचा वाफा गोठ्याच्या गटाराला लागून, खालचा वाफा पायवाटेपलीकडे, त्याला विहिरीचं पाणी. वरची चवळी काळीभोर हिरवी, पानं तळहातापेक्षा मोठी, वेल एकमेकांवर पडलेले, शेंड्यांना मावा चिकटलेला. खालची जरा फिकट, पण उभी. वरच्या वाफ्यातली पाच रोपं धुतली तर मिळून तीन-चार पांढऱ्या बारीक गाठी. खालच्या प्रत्येक रोपाच्या सोटमुळावर गुलाबी गाठींची माळ. वाफे सांभाळणारे काका म्हणाले, "अहो ताई, वरचं हिरवंगार आहे की! गाठी घेऊन काय करायचं? म्हैस गाठी खाते का?"

काकांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. पीक हिरवं असेल, चारा मिळत असेल, तर गाठी नसल्या तर काय बिघडलं? वरच्या वाफ्यात बिघडलं ते असं. चवळी लोळली, खालची पानं सडली, कापताना चिखल लागलेला चारा म्हशींनी टाकून दिला. माव्यासाठी फवारणी करावी लागली आणि फवारल्यावर काही दिवस चारा कापता आला नाही. माठ-घोळीसारखं तण इतकं माजलं की कापणीचा निम्मा वेळ निवडण्यात गेला, कारण आयत्या नत्रावर तण चवळीपेक्षा जोरात वाढतं. आणि पाकीट, गूळ, चोळण्याची मेहनत वाया गेली ती वेगळीच.

माझं मत स्पष्ट आहे: जिथे तबेल्याचं पाणी जातं तिथे द्विदल लावूच नका. तिथे संकरित नेपियर किंवा पॅरा गवत ठेवा. ते नत्र त्यांनाच पचतं, आणि ते पाणी कुठेतरी जायलाच हवं. चवळी, लसूणघास, दशरथ, स्टायलो या चाऱ्याच्या द्विदलांना विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मिळेल असा वेगळा तुकडा द्या. पाच गुंठे असतील तर तीन गवताला, दोन द्विदलाला. मधे एक बांध आणि पाटाला एक फळी, एवढाच खर्च.

तुकडा बदलल्यावर लगेच पहिल्या हंगामात चमत्कार होईल असं नाही. वर्षानुवर्षं शेण-मूत्राचं पाणी प्यालेल्या मातीत सेंद्रिय नत्र साठलेलं असतं आणि ते हळूहळू सुटत राहतं. अशा जागी आधी एक-दोन कापण्या मक्याच्या किंवा ज्वारीच्या काढा, खत न देता. गवतवर्गीय पीक ते नत्र ओढून घेतं. मका फिकट पडायला लागला की समजा, आता द्विदलाची पाळी.

युरियाचा हिशोब

चाऱ्याच्या चवळीला सर्वसाधारण शिफारस हेक्टरी २० किलो नत्र आणि ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) अशी असते. लसूणघासालाही सुरुवातीचं नत्र जवळपास एवढंच, स्फुरद मात्र बरंच जास्त. हे २० किलो नत्र कशाला? तर गाठी कामाला लागेपर्यंतचे पहिले तीन-चार आठवडे रोपाने तग धरावा म्हणून. तेवढंच त्याचं काम.

आता २० किलो नत्र म्हणजे युरिया किती? युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे ४३ किलो युरिया. आणि गोणी असते ४५ किलोची. म्हणजे एक गोणी अख्ख्या हेक्टरला, अडीच एकराला. गुंठ्याला हिशोब केला तर जेमतेम साडेचारशे ग्रॅम. पाच गुंठ्याला सव्वादोन किलो. प्रत्यक्षात काय होतं ते आपण सगळेच बघतो: गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते, उघडी ठेवली तर दमट हवेत खडा होतो, म्हणून पाच-दहा गुंठ्यांवरच अर्धी-पाऊण गोणी जाते. गवताला एक वेळ चालून जाईल, चवळीला ते जिवाणू बंद करण्याचं औषध आहे.

दुसरी गफलत डीएपी खताची. त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. ४० किलो स्फुरदासाठी ८७ किलो डीएपी घातलं तर त्यातूनच साडेपंधरा किलो नत्र आलं. म्हणजे सुरुवातीचा डोस जवळपास पुरा झाला. त्यावर पुन्हा युरिया टाकायचा नसतो, पण टाकला जातो, कारण "डीएपी म्हणजे स्फुरद" असं डोक्यात बसलेलं असतं. सुफला १५:१५:१५ वापरणाऱ्यांचं तिसरंच: द्विदलाला स्फुरद नत्राच्या दुप्पट हवं, इथे दोन्ही सारखं. स्फुरद पुरं करायला गेलात तर नत्र जास्त होतं.

मला विचाराल तर द्विदल चाऱ्याला सिंगल सुपर फॉस्फेट बरं. १६ टक्के स्फुरद, सोबत गंधक आणि कॅल्शियम, नत्र अजिबात नाही. गुंठ्याला अडीच किलो पेरणीआधी मातीत मिसळा. गंधक प्रथिनं बनायला लागतंच. फक्त एक पथ्य: जिवाणू लावलेलं बियाणं आणि सुपर फॉस्फेट एकाच घमेल्यात कालवून फेकू नका. त्या खतात आम्ल असतं, जिवाणू तिथल्या तिथे मरतात. युरियाच्या बाबतीतही तसंच. खत आधी मातीत, बियाणं नंतर.

गाठी चांगल्या धरल्यावर पीक किती नत्र मिळवतं याचा अंदाज घ्यायचा तर लसूणघास घ्या. पाच टन हिरवा घास म्हणजे सुमारे एक टन सुका. त्यात १९ टक्के प्रथिनं धरली तर नत्र झालं ३० किलो, म्हणजे ६५ किलो युरियातलं. तेही पूर्णपणे पिकात उतरलेलं, आणि युरिया टाकला तर त्यातला बराच भाग हवेत उडतो किंवा पाण्याबरोबर खाली जातो. गाठींचा आग्रह यासाठी.

चवळी-मका किंवा नेपियर-दशरथ अशी मिश्र लागवड असेल तर पेच पडतो, कारण गवताला नत्र हवंच. तिथे युरिया फक्त गवताच्या ओळीला, मुळापाशी, थोडा थोडा. सगळीकडे फेकला तर गवत उंच होऊन द्विदलावर सावली धरतं आणि दोन-तीन कापण्यांत द्विदल दिसेनासं होतं.

आता पाकीट

पाणी आणि युरिया दोन्ही स्वच्छ, तरी गाठी नाहीत. मग पाकिटाकडे या, आणि आधी त्यावर पिकाचं नाव वाचा. सगळ्या द्विदलांना एकच रायझोबियम चालत नाही. दुकानात बहुतेक सोयाबीन, हरभरा, तूर, मूग यांची पाकिटं असतात. चवळी, मूग, भुईमूग, वाल, स्टायलो यांचा जिवाणू-गट साधारण एकच, त्यामुळे मुगाचं पाकीट चवळीला चालून जातं. हरभऱ्याचं लसूणघासाला चालत नाही, सोयाबीनचंही नाही. बरसीमचं तिसरंच. लसूणघासाचा गट मेथीबरोबर जातो. म्हणजे ज्या वाफ्यात मेथी पूर्ण वाढून तिच्या मुळांवर गाठी दिसल्या असतील, तिथे घासाचे जिवाणू आधीच असण्याची शक्यता चांगली. (चौपाटीजवळच्या वाळूतल्या समुद्रमेथीवर गाठी शोधू नका, ती दोन पानांवरच उपटतात.)

यातून एक उपयोगी निदान निघतं. कोकणपट्टीत भातानंतर वाल-चवळी घेण्याची चाल जुनी, त्यामुळे चवळीचे जिवाणू बऱ्याच जमिनीत मुळातच असतात. पाकीट न लावताही चवळीला गाठी येतात. तरीही चवळीला गाठी नसतील तर पाकिटाला दोष देण्याआधी नत्र आणि साचलेलं पाणी बघा. लसूणघासाचं उलट. तो आपल्याकडचा पाहुणा, त्याचे जिवाणू मातीत असतीलच असं नाही. घासाला गाठी नसतील तर चुकीचं किंवा मेलेलं पाकीट हा पहिला संशय. जवळपास कुणाकडे दोन-तीन वर्षांचा जोमदार घास असेल तर त्याच्या मुळाजवळची घमेलंभर ओली माती आणून वाफ्यात पसरवणं हा जुना उपाय आजही चालतो. सूत्रकृमी नाहीत एवढं बघून आणा.

मग जिवंतपणा. रायझोबियम २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहे. पावडरीच्या पाकिटात ग्रॅममागे किमान ५ कोटी आणि द्रवरूप बाटलीत मिलिलिटरमागे १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. पाकिटावर उत्पादनाची आणि मुदतीची तारीख असते ती वाचा. पावडरीची मुदत साधारण सहा महिने, द्रवरूपाची त्याहून बरीच जास्त. पण तारीख बरोबर असून भागत नाही. पत्र्याखालचं दुकान, खताच्या गोण्यांवर ठेवलेलं पाकीट, मग स्कूटरच्या डिकीत दुपारचा प्रवास आणि घरी माळ्यावर मुक्काम. मुंबईच्या ऑक्टोबरात एवढं झाल्यावर आत काय उरलं असेल ते सांगायला नको. घरात सावलीत, गार जागी ठेवा. माठाच्या बाजूला ठेवलेलंही माळ्यापेक्षा बरं.

छोट्या प्लॉटची एक खास अडचण असते. २५० ग्रॅमचं पाकीट साधारण १० किलो बियाण्याचं. दोन गुंठे लसूणघासाला बी लागतं अर्धा किलो. उरलेलं पाकीट रबर लावून पुढच्या हंगामासाठी ठेवलं जातं आणि तिथेच मरतं. त्यापेक्षा बियाण्याला दुप्पट-तिप्पट लावा, जास्त झालं म्हणून काही बिघडत नाही. तरी उरलं तर पाच किलो चाळलेल्या, मुरलेल्या शेणखतात मिसळून सरीत टाका, किंवा शेजाऱ्याला देऊन टाका.

लावायची पद्धत सगळ्यांना माहीत असते, तरी नासतं ते बारकाव्यांत. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. कोमट चालणार नाही, हात घालून गार लागलं पाहिजे. उकळल्यामुळे नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही जातं. लसूणघासाचं बी बारीक, त्याला अर्ध्या किलोला दोन-तीन चमचे काला (या गुळाच्या पाण्यात कालवलेलं पाकीट) पुरतो; जास्त झाला तर बियांचे लाडू होतात. गोणपाटावर पसरून सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, ओलीवर पेरा. तापलेल्या कोरड्या मातीत पेरून दुसऱ्या दिवशी पाणी देणं म्हणजे जिवाणूंना रात्रभर भाजणं. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. गुलाबी-लाल रंगाचं बियाणं मिळालं तर त्याला बुरशीनाशक आधीच लागलेलं आहे असं समजा आणि जिवाणू बियाण्याऐवजी शेणखतातून सरीत द्या. स्टायलो आणि दशरथच्या बियांना उगवणीसाठी गरम पाण्याची प्रक्रिया करतात. तीही आधी, बी थंड होऊन निथळल्याशिवाय जिवाणूंना हात लावू नका.

पाकीट जिवंत आहे का हे घरच्या घरी, खिडकीच्या ग्रिलमध्येसुद्धा कळतं. रेती धुऊन कढईत चांगली भाजून घ्या, थंड झाल्यावर दोन कुंड्यांत भरा, प्रत्येकीत चिमूटभर चुलीची राख मिसळा. एकीत जिवाणू लावलेलं बी, दुसरीत नुसतं. माती, शेणखत, काही नको. पाणी घालताना एकीचं दुसरीत उडू देऊ नका, नाहीतर दोन्हींत गाठी येतील आणि काहीच कळणार नाही. नुसतं बी आधी पेरा, जिवाणूचं नंतर, हात धुऊन. चार-पाच आठवड्यांनी धुऊन बघा. लावलेल्या कुंडीतही गाठी नसतील तर मात्र दुकानदाराशी खुशाल भांडा.

माती: तांबडी आणि डेब्रिजची

जांभ्याची तांबडी माती आम्ल असते, सामू (पीएच) ५ ते ६ च्या घरात. चवळी आणि स्टायलोला ते चालतं. लसूणघासाला आणि त्याच्या जिवाणूंना सामू साडेसहाच्या वर लागतो. अशा मातीत घासाचा हट्टच असेल तर पेरणीच्या महिनाभर आधी शेतीचा चुना किंवा डोलोमाइट घाला, किती ते माती तपासून. कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून मिळतं. बियाण्यालाही जिवाणू लावल्यावर चुनखडीच्या बारीक पुडीचा थर देता येतो. कळीचा चुना किंवा पानाचा चुना वापरू नका, तो बी आणि जिवाणू दोन्ही जाळतो.

आम्ल मातीत मॉलिब्डेनम कमी मिळतं आणि गाठींना ते लागतंच. चुन्याने ते बरंचसं सुटतं. वरून मॉलिब्डेनम टाकायच्या फंदात चाऱ्याच्या पिकात पडू नका. जास्त झालं तर जनावरांत तांब्याची कमतरता होते.

आपल्या शहराची दुसरी माती म्हणजे भरणी. डेब्रिज टाकून सपाट केलेल्या जागेत सिमेंट-चुन्यामुळे सामू वर चढलेला असतो. तिथे कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. ती लोहाची कमतरता, नत्राची नव्हे. नत्र कमी असेल तर जुनी, खालची पानं आधी पिवळी पडतात. हा फरक न बघता युरिया टाकला की पिवळेपणा जात नाही आणि गाठी जातात.

पावसाळ्याबद्दल थोडक्यात: सपाट वाफ्यात जूनमध्ये पेरलेल्या चवळीच्या गाठी काळ्या पडतात, कारण पाणी साचलं की त्यांना हवा मिळत नाही. गादीवाफे करा, नाहीतर पावसाचा जोर ओसरल्यावर पेरा. पाणी हटणारच नसेल अशा जागी शेवरी.

यंदाचं पीक वाचवायचं असेल तर

चवळी पिवळी आहे, गाठी नाहीत, महिना उलटलाय. तिच्यासाठी आता जिवाणूंची वाट बघण्यात अर्थ नाही, ती ५०-६० दिवसांत कापायचीच आहे. आधी एका कोपऱ्यात दोन पावलांच्या पट्ट्यात मूठभर युरिया टाकून पाणी द्या. आठवड्या-दहा दिवसांत पट्टा हिरवा झाला तर रोग नत्राचाच. मग उरलेल्या वाफ्याला गुंठ्यामागे साडेचारशे ग्रॅम द्या आणि पीक काढून घ्या. पट्टा बदलला नाही तर युरिया तिथेच थांबवा आणि पाणी, सामू, सूत्रकृमी बघा.

लसूणघास दोन-तीन वर्षं राहणार असतो, म्हणून त्याला दुसरी संधी देण्यासारखी असते. घासाचंच ताजं पाकीट बादलीभर पाण्यात कालवून, गाळून, संध्याकाळी ओल्या वाफ्यात झारीने मुळाशी द्या आणि लगेच हलकं पाणी सोडा. बियाण्याला लावण्याइतकं हे खात्रीचं नाही, पण कोवळ्या घासात लागू पडतं. कापणीनंतर आठवडा-दोन आठवडे घास फिकट दिसला तर घाबरून युरिया टाकू नका. पाला गेला की गाठींची साखर तुटते, नवा फुटवा आला की काम पुन्हा सुरू होतं.

युरिया दिलेला चारा लगेच कापू नका, दोन-तीन आठवडे जाऊ द्या. ताज्या नत्रावरच्या चाऱ्यात नायट्रेट साठतं आणि जनावराला बाधतं. मका, ज्वारी, ओट यांच्यात हा धोका जास्त, म्हणून मिश्र वाफ्यात कापणीची तारीख चवळीवरून नव्हे, गवतावरून ठरवा.